खऱ्या मापाचं अक्षर

न्याहारीच्या टेबलावर सगळे आपापल्या घाईत असताना साडेतीन वर्षांच्या खारूने जाहीर केलं, "आई लॅपटॉपचा वास घेते."

नवऱ्याच्या हातातला चहा हिंदकळला. "कसा असतो गं वास?" त्याने हसत विचारलं. मिळेल ते दोन हातांत धरून कुरतडायच्या सवयीमुळे लेकीला हे नाव पडलं होतं, आणि असा प्रश्न विचारला की खारू उत्तर देत नसे, करून दाखवत असे. तिने चित्रांचं पुस्तक उचललं, नाकाला टेकेल इतकं जवळ आणलं, मान कासवासारखी पुढे काढली, एक डोळा बारीक केला आणि ओठ हलवत पानावरच्या हत्तीकडे बघत बसली. "मी ऑफिसात आहे," पुस्तकाआडून आवाज आला, "आता मला हाक मारायची नाही." नवऱ्याला हसू आवरेना. आईही हसली, आणि हसता हसता थबकली. पोरीचे डोळे, असं ती मनात म्हणाली. खरं तर त्याच्याही आधी एक दुसरा विचार येऊन उभा राहिला होता, पण दारात आलेल्या नको असलेल्या पाहुण्याला न पाहिल्यासारखं करावं तसं तिने त्याला तिथेच ठेवलं आणि पोरीच्या डोळ्यांची काळजी आत घेतली. काळजी करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. साडेतीन वर्षांत तिने या पोरीचं काय काय निरखलं नव्हतं! झोपेतला श्वास, नखांचा रंग, जिना उतरताना कुठला पाय आधी पडतो ते. एवढं सगळं पाहून डोळेच कसे राहिले?

"अगं, नक्कल करतेय ती तुझी," नवरा म्हणाला.

"नक्कल कशावरून? खरंच दिसत नसलं तर?"

"काल तिला समोरच्या गच्चीवरची मुंगी दिसली म्हणे."

"मुंगी होती का पण तिथे?"

यावर त्याने हात जोडले. तिने तिथल्या तिथे डोळ्यांच्या डॉक्टरणीला फोन लावून गुरुवारी सकाळची वेळ घेतली, फक्त खारूसाठी. "आणखी कुणाचं बघायचंय का?" असं पलीकडच्या बाईने विचारलं तेव्हा तिने "नाही" म्हणायला जरा जास्तच घाई केली, हे तिचं तिलाच जाणवलं.

ऑफिसला जाताना, चौकातल्या सिग्नलपाशी थांबलेली असताना, दारातला पाहुणा आत शिरला. तीन आठवडे झाले होते नवे लॅपटॉप येऊन. तिचं काम औषधांच्या लेबलांवरचा मजकूर तपासण्याचं. बाटलीवर चिकटतो तो कागद आणि खोक्यात घडी घालून कोंबलेला पातळ कागद, जो घरोघरी उघडतासुद्धा न येता कचऱ्यात जातो, त्याचं अक्षर न् अक्षर कुणीतरी वाचलेलं असतं, आणि ते कुणीतरी म्हणजे ही. औषध कंपनीने पाठवलेला मूळ कागद आणि चित्रकाराने मांडलेलं लेबल समोरासमोर ठेवायचं, शेवटी 'मंजूर'चं बटण दाबायचं, लेबल छापखान्यात. तिच्या सहीनंतर कुणीच वाचत नसे. एकदम वाचायची ती बाळाच्या उशाशी चमचा घेऊन बसलेली बाई. या शेवटच्या बाईचा विचार खारू झाल्यापासून तिला फार यायचा. पूर्वी ती चुका पकडायची, आता त्या बाईसाठी पकडायची, आणि आपण या कामात चांगल्या आहोत, खरोखर चांगल्या आहोत, याबद्दल तिला कधी शंका आली नव्हती. मग हे पत्र्याच्या पाटीसारखे सपाट लॅपटॉप आले. कंप्युटरवाला एकेकाच्या टेबलावर ते मांडत, लग्नात वाढप्याने आग्रह करावा तसा म्हणत गेला, "घ्या, जुन्यापेक्षा दुपटीहून जास्त ठिपके. डोळ्यांना मेजवानी!" पडदा खरोखर सुंदर होता. अक्षरांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या. फक्त ती अक्षरं होती मोहरीएवढी. पहिल्या दिवशी तिने सेटिंगमध्ये जाऊन सगळं मोठं करून पाहिलं, तर तपासणीचं ते जुनंपुराणं सॉफ्टवेअर बिथरलं; अक्षरं धुरकट झाली आणि 'मंजूर'चं बटण पडद्याच्या तळाखाली जाऊन बसलं, बुडालेल्या भांड्यासारखं. तिने गुपचूप सगळं होतं तसं केलं. लेबल तेवढं मोठं करून बघायला बटण होतं, पण त्याला हात लावायचा नाही असा तपासणीचा नियमच होता. मुख्य तपासनीस, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, त्यांनी तो वीस वर्षांपूर्वी घालून दिलेला: लेबल शंभर टक्क्यांवरच तपासायचं. बाटली घेणाऱ्याच्या हातात जेवढं अक्षर पडणार तेवढंच आपण वाचायचं. मोठं करून वाचलं की आपल्याला सगळं दिसतं आणि त्याला काहीच दिसत नाही. नियम चोख होता. तिला तो आवडायचा. त्यातला प्रामाणिकपणा तिला आवडायचा. म्हणून मोहरीएवढी अक्षरं दिसेनाशी झाली तेव्हा तिने दोष नियमाला दिला नाही, लॅपटॉपलाही दिला नाही. तो तिने सरळ स्वतःच्या पदरात बांधून घेतला आणि मान पुढे काढली. रोज एक बोटभर.

कारण तिच्या घरात डोळे जातात. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. एका दुकानाच्या पायरीलगत, कपाटाएवढ्या जागेत, काचेमागे बसून, डोळ्याला काळं भिंग लावून. शाळा सुटली की ती तिथे जाऊन बसायची, आणि ते म्हणायचे, "बघ गं, या चाकाचा दात तुटलाय का?" ती बघायची आणि सांगायची. तिला वाटे बाबा आपली परीक्षा घेतात. एखादा दात खरंच तुटलेला असला की ती ओरडायची आणि ते म्हणायचे, "शाबास, बरोबर ओळखलंस," जणू त्यांना आधीच ठाऊक होतं. दहाव्या-अकराव्या वर्षी कधीतरी तिच्या लक्षात आलं की त्यांना ठाऊक नसतं. ते बोटांनी घड्याळ लावायचे, कानांनी ऐकायचे, आणि जे बोटांना कानांना कळत नाही ते तिला विचारायचे. हे तिने कुणाला सांगितलं नाही, त्यांनाही नाही. दोघं मिळून एक गोष्ट लपवतोय याचं तिला उलट अप्रूपच होतं. मग एका दुपारी एक नर्स आली. पांढरे बूट, कमरेला उलटं लटकवलेलं घड्याळ. आठवड्यापूर्वी दुरुस्त करून नेलेलं. "काका, हे मागे पडतं हो. काल वॉर्डात माझी औषधाची वेळ चुकली." बाबांनी घड्याळ कानाला लावलं, बराच वेळ लावून ठेवलं, आणि म्हणाले, "बाई, घड्याळ जुनं झालंय. मी तरी काय करणार?" नर्सने घड्याळाकडे असं पाहिलं, जसं आपल्याच माणसाने दगा दिल्यावर बघतात, आणि ती गेली. नर्स गेल्यावर हिला एक चाक दिसलं. त्या घड्याळासाठी आणलेलं नवं, पेटीच्या कोपऱ्यात, चण्याच्या डाळीएवढं, चकचकीत; बाबांनी चुकून झिजलेलं जुनंच परत बसवलं होतं. दोघांनीही त्याबद्दल शब्द काढला नाही. त्यानंतर ती शाळेतून सरळ घरी जायला लागली, आणि बाबांनी का येत नाहीस असं विचारलं नाही. बाबा गेल्यावर त्यांच्या पेटीतून तिने एकच वस्तू उचलली. सहा इंचांची पोलादी पट्टी, एका कडेला इंच, एका कडेला सेंटिमीटर, रेघा अजून तीट लावल्यासारख्या काळ्या. ती तिच्या टेबलावर पेन ठेवायच्या डब्यात असायची. उगीच. पाठ खाजवायला, असं ती विचारणाऱ्याला सांगायची.

गुरुवारी डॉक्टरणीच्या खुर्चीत खारू महाराणीसारखी बसली. समोरच्या तक्त्यावरची चित्रं तिने शेवटच्या ओळीपर्यंत ओळखली, आणि वर "त्या मागच्या भिंतीवर कोळी आहे" अशी पुरवणीही जोडली. कोळी होता. डॉक्टरीण हसून म्हणाली, "हिला काही झालेलं नाही. कुणाला बघून शिकली हे?" खारूने आईकडे बोट दाखवलं. एवढ्याशा बोटाला एवढं वजन कसं असतं कोण जाणे. "बसा मग तुम्हीच," डॉक्टरीण म्हणाली, आणि आई खुर्चीत बसली. तिने मनात सगळं ठरवून टाकलं होतं. चष्मा लागेल, मग जाड चष्मा लागेल, मग एक दिवस ती खारूला म्हणेल, बघ गं इथे काय लिहिलंय. काचा बदलत गेल्या, दिव्याचा ठिपका बुबुळात फिरून गेला, आणि डॉक्टरणीने तिच्या हातात एक पुठ्ठा दिला. "सगळ्यात खालची ओळ वाचा. सावकाश." तिने हात नेहमीसारखा मुडपला, पुठ्ठा वीतभर अंतरावर आणला, डॉक्टरणीने तो धरून मागे सारला. "इथून." तिने तिथून वाचली. पहिल्याच फटक्यात, न अडखळता. वाचून झाल्यावर तीच दचकली.

"तुमचे डोळे उत्तम आहेत," डॉक्टरीण म्हणाली. "चष्मा कशाला देऊ? अक्षर मोठं करून बघत जा."

"मोठं करायची परवानगी नाही. आमच्यात खऱ्या मापाचंच वाचायचं असतं. बाटलीवर असतं तेवढंच."

"मग बाटलीवरचं म्हणजे हे एवढंच ना." तिने पुठ्ठ्याच्या तळाच्या ओळीवर नख टेकवलं. "याच्याहून बारीक बाटलीवर छापत नसतील. हे तुम्ही हातभरावरून वाचलंत. मग तिकडे नाक का टेकवता?"

खारूला शेजारच्या पाळणाघरात सोडताना, तिच्या दप्तराचा पट्टा नीट करताना, जिना चढताना तो प्रश्न दातात अडकलेल्या तुसासारखा तिला बोचत राहिला. आनंद व्हायला हवा होता. डोळे शाबूत होते, बाबांचं काही तिच्यात उतरलेलं नव्हतं. पण डोळे शाबूत असतील तर तीन आठवडे आपल्याला दिसलं का नाही? डोळे वाईट असणं तिला कळण्यासारखं होतं; त्याला घराणं होतं, इतिहास होता. हे कळण्यासारखं नव्हतं. टेबलाशी येऊन तिने लॅपटॉप उघडला, समोर येईल ते लेबल शंभर टक्क्यांवर घेतलं, आणि डब्यातून बाबांची पट्टी काढली. पोलाद गार होतं. मूळ कागदावर लिहिलं होतं, रुंदी दहा सेंटिमीटर. तिने पट्टी पडद्यावर आडवी धरली, शून्य डाव्या कडेला. उजवी कड साडेचारवर आली. तिने पट्टी उचलली, शून्य पुन्हा नीट लावलं. साडेचार. दुसरं लेबल, आठ सेंटिमीटरचं; ते भरलं साडेतीनच्या जरा पुढे. तिचं डोकं स्वच्छ, कडक उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखं मोकळं झालं. शंभर टक्के म्हणजे खरं माप, हे जुन्या पडद्यावर खरं होतं. जुने ठिपके मोठे होते. नव्या पडद्याचे ठिपके निम्म्याहून लहान, आणि जुन्या सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताच नाही. ते बिचारं तेवढेच ठिपके मोजून म्हणतंय, घ्या, शंभर. नियम पाळता पाळता सगळा विभाग तीन आठवडे नियम मोडत होता. बाटलीवर असतं त्याच्या निम्म्याहूनही लहान अक्षर ती वाचत होती. वाचत होती का? तिने डोळे मिटले. मोहरीएवढी अक्षरं वाचता येत नाहीत, ओळखता येतात. शब्दाचा आकार दिसतो आणि बाकीचं मन भरतं. आणि तिच्या मनाला लेबलं पाठ होती.

तीन आठवड्यांत तिने अकरा लेबलं मंजूर केली होती.

शेजारच्या टेबलावर विभागातले तिसरे तपासनीस बसत, पन्नाशीचे, ज्यांना कागदांचे गठ्ठे काखेत मारून हिंडण्यामुळे पोस्टमास्तर म्हणत. तिने त्यांना खुर्ची सरकवून विचारलं, "तुम्हाला यावर दिसतं का हो?"

"कशावर?"

"पडद्यावर."

पोस्टमास्तरांनी दाराकडे पाहिलं, मोठ्या मॅडमच्या काचेच्या खोलीकडे पाहिलं, मग खणाला हात घालून तो वीतभर उघडला. आत कागदच कागद. "मी छापून वाचतो," ते कुजबुजले. "सगळं. प्रिंटरचा कागद कोण खातंय म्हणून परवा बोंब झाली ना, तो उंदीर मीच. तू सांगशील वाटतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? म्हातारा झालो असं? तू का नाही बोललीस?"

तिने पट्टी पुढे केली आणि साडेचारचा आकडा दाखवला. एखाद्याचं फार जुनं देणं माफ व्हावं तसे पोस्टमास्तर खुर्चीत सैल झाले. "म्हणजे माझे डोळे..." "काही झालेलं नाही तुमच्या डोळ्यांना," ती म्हणाली. "माझी अकरा लेबलं छापा. आत्ता. जुन्या पद्धतीने वाचू." जुनी पद्धत म्हणजे ती नोकरीला लागली तेव्हाची. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, शब्द, विराम, आकडे सगळं. दुसऱ्याने लेबलावर बोट फिरवत ऐकायचं. डोळ्याला जे सवयीने दिसत नाही ते कान अडवतो. पुढे ही पद्धत गेली, दोन माणसांचा वेळ जातो म्हणून. पोस्टमास्तरांचा आवाज खर्जातला, बातम्या देणाऱ्यासारखा. पहिलं लेबल निर्धोक. दुसरं, तिसरं. पाचव्यात दोन शब्दांमध्ये एक मोकळी जागा जास्तीची, हरकत नाही. प्रत्येक लेबल संपलं की ती श्वास सोडायची आणि सोडताना स्वतःला सांगायची, तुझी नजर चांगली आहे, तू चांगली तपासनीस आहेस, काही झालेलं नसेल. नववं लेबल मुलांच्या तापाच्या औषधाचं होतं. तळाला चार ओळींचा तक्ता: वय आणि त्यासमोर किती द्यायचं ते.

"एक वर्षाखालील," पोस्टमास्तर वाचत होते, "डॉक्टरांना विचारा."

तिचं बोट थांबलं. "थांबा. पुन्हा."

"एक वर्षाखालील, डॉक्टरांना विचारा. एक ते तीन वर्षं, अडीच मिलिलिटर. तीन ते सहा, पाच. सहा ते बारा, दहा."

लेबलावर एक वर्षाखालील बाळासमोर अडीच होतं. एक ते तीनसमोर पाच, तीन ते सहासमोर दहा, आणि 'डॉक्टरांना विचारा' तळाशी, बारा वर्षांच्या घोड्यासमोर. चित्रकाराने कॉलम उचलून ठेवताना वरची ओळ घसरून खाली गेली होती. चारही गोष्टी होत्या. एकही कमी नव्हती, एकही जास्त नव्हती, एकही आकडा चुकीचा नव्हता. सगळे फक्त एकेक घर वर चढून बसले होते. आणि तिला आठवलं. सोमवारची दुपार, मान पुढे, नाक पडद्याशी, तिने तक्त्यावरून नजर फिरवली होती आणि मनात म्हटलं होतं, चार ओळी, अडीच, पाच, दहा, डॉक्टर, आलं सगळं. सही केली होती. साडेतीन वर्षांची खारू त्या तक्त्यात तिसऱ्या ओळीत बसत होती, दुप्पट औषधासमोर. आणि पहिल्या ओळीत एक बाई बसली होती, मांडीवर आठ महिन्यांचं बाळ, हातात चमचा, आणि तिला कुणी म्हणत नव्हतं की थांब, आधी विचार. तिने छापखान्याला फोन लावला. तिथल्या मुकादमाचा आवाज यंत्रांच्या घरघरीतून आला. "प्लेट चढलीय ताई. जेवून आलो की सुरू करतोय."

"करू नका."

"तुमच्या म्हणण्यावर नाही थांबवता येत. मोठ्या मॅडमचा शब्द लागतो. लवकर काय ते सांगा, पोरं हात पुसत बसलीत."

टेबल ते काचेची खोली, मोजली तर अठरा पावलं असतील. तेवढ्यात तिच्या मनात बरंच काही येऊन गेलं, आणि लाज वाटावी असं. मोठ्या मॅडमच्या टेबलावर एक कागद होता, तिला नोकरीत कायम करण्याचा. बाळंतपणाच्या रजेनंतर ती तीन वर्षं कराराने काम करत होती आणि या महिन्यात त्यावर सही व्हायची होती. ती रजेवरून परत आली त्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, "लहान पोरांच्या आयांचं लक्ष घरी असतं असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. तू मला म्हणायला लावू नकोस." आता तिच्या हातात पट्टी होती, आणि पट्टी म्हणजे केवढी सोय! आत जायचं, पट्टी पडद्यावर धरायची, म्हणायचं मॅडम, लॅपटॉप खोटं बोलतोय, बघा साडेचार. खरंच होतं ते. कुणी तिला दोष दिला नसता. चूक यंत्राची, ती फक्त बिचारी. सहाव्या पावलाला तिला ऐकू आलं, बाई, घड्याळ जुनं झालंय. तेही खरंच होतं. ते घड्याळ जुनं होतंच. तिने पट्टी ओढणीत गुंडाळून बगलेत धरली आणि दार लोटलं.

"मॅडम, तापाच्या औषधाचं लेबल थांबवायला हवं. तक्ता चुकलाय. बाळांना जास्त औषध जाईल. माझी सही आहे त्यावर."

मॅडमनी मान वर केली. "तुझ्या सहीखाली चुकलाय?"

"हो. मला तीन आठवडे नीट दिसत नव्हतं. दिसत नाही हे मला कळत होतं. तरी मी सह्या केल्या."

मॅडमनी फोन उचलला. "थांबवा. हो, मीच. प्लेट उतरवा." फोन खाली ठेवला, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "दिसत नव्हतं आणि सही केलीस. हे मी कसं घेऊ, तूच सांग."

"चूकवहीत लिहा. माझ्या नावावर." आणि मग, आता जागा झाली होती म्हणून, तिने ओढणीतून पट्टी काढली. "आणि त्याखाली हेही लिहा." ती टेबलाला वळसा घालून मॅडमच्या बाजूला गेली, त्यांच्या पडद्यावरच्या लेबलाला पट्टी लावली. मॅडमनी बघितलं. आधी आकडा, मग लेबलाचं माप, मग पुन्हा आकडा. त्यांचा हात आपसूक खणाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. पण खण जरासा उघडला होता, आणि आत, रुमालाखाली लपवलेलं, मूठ असलेलं भलंमोठं भिंग होतं.

"मला वाटलं माझंच वय झालं," मोठ्या मॅडम म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला. "या तीन आठवड्यांत मी किती मंजूर केली ठाऊक आहे? एकोणीस. पोस्टमास्तरला बोलाव. सगळी काढा. सगळी मोठ्याने वाचायची, माझी आधी."

त्या दुपारी आणि शुक्रवारी विभागात शाळेसारखा गलका होता. मॅडमच्या एकोणीसांत एक चूक सापडली, किरकोळ. ती त्यांनी चूकवहीत तिच्या नोंदीच्या खाली, त्याच शाईने, स्वतःच्या नावावर लिहिली. तिची नोंद मात्र एका शब्दानेही मऊ केली नाही: 'दिसत नसताना सही केली.' हे वाचून तिचे कान तापले आणि तिला बरंही वाटलं, आंघोळीच्या फार गरम पाण्याने वाटतं तसं. सेटिंगला कुणी हात लावला नाही, 'मंजूर'चं बटण होतं तिथेच राहिलं. लेबल तेवढं वाढवत नेलं, पट्टी दहावर येईपर्यंत. आकडा आला दोनशे बावीस. कंप्युटरवाला म्हणाला, असा कुठे आकडा असतो का, दोनशे तरी घ्या, गोल. ती म्हणाली, "गोल नको. बाटलीएवढं हवं." दोनशे बावीसवर तिची पाठ खुर्चीला टेकली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, आणि अक्षरं तिच्याकडे चालत आली, जुन्या ओळखीच्या बायकांसारखी. रविवारी खारूने पुस्तक टेबलावर ठेवलं, खुर्चीत ताठ बसली, दोन्ही हात लांब केले आणि हत्तीला दुरून न्याहाळलं. "हे कुठलं ऑफिस?" नवऱ्याने विचारलं. "नवीन," खारू म्हणाली. "याच्यात हाक मारली तर चालते."

सोमवारी सकाळी मॅडमनी तिला आत बोलावलं. त्यांच्यासमोर एक कागद होता, हिरवट, असे कागद छापणाऱ्याने शाई वाचवल्यासारखा बारीक अक्षरांचा. तो उलटा असल्यामुळे तिला वाचता आला नाही, आणि तिने वाचायचा प्रयत्नही केला नाही. चूकवही तिथेच उघडी होती. तिला वाटलं, झालं, गेली नोकरी. वाटलं आणि पायाखालची जमीन सरकली नाही, याचं तिला नवल वाटलं. दिसतंय, आपल्याला नीट दिसतंय, यापुढे कुठेही बसवलं तरी दिसेल, असं काहीतरी तिच्या मनात चाललं होतं. मॅडमनी पेन उघडलं, कागदावर वाकल्या, चष्मा वर केला, खाली केला. खणाकडे हात नेला नाही.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "बघ गं, सही कुठे करायची यावर? मला दिसत नाही."

ती वळसा घालून त्यांच्या खांद्याशी उभी राहिली. कागद आता तिच्याकडे सरळ झाला. वरच्या ओळीत 'नोकरीत कायम' असं होतं आणि त्यापुढे तिचं स्वतःचं नाव, बारीक, पण स्वच्छ. तिने ते हातभरावरून वाचलं, मग खाली जात जात रिकामी रेघ शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"इथे," ती म्हणाली.